शॉन कॉनरीच्या आठवणीत तीन चित्रपट: काय लावावं, कसं लावावं

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं वाचनालय, त्याचा छोटा फिल्म क्लब, ऐंशी खुर्च्यांचा हॉल. शॉन कॉनरी ३१ ऑक्टोबर २०२० रोजी गेला. त्या तारखेच्या जवळच्या शनिवार-रविवारी त्याच्या आठवणीत काहीतरी करायचं आहे. सभासद म्हणतात, ‘सगळे बाँड लावा.’ मग कोणते चित्रपट घ्यावेत, कोणत्या क्रमानं, मध्ये बोलायचं काय, आणि हॉलमध्ये कुठे फजिती होऊ शकते?

आधी निर्णय सांगतो, कारणं मागाहून. चित्रपट तीन, त्यात बाँड एकच. शनिवारी संध्याकाळी ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ (१९६३, ११५ मिनिटं). रविवारी सकाळी ‘द हिल’ (१९६५, १२३ मिनिटं). रविवारी दुपारी ‘द मॅन हू वुड बी किंग’ (१९७५, १२९ मिनिटं). सगळे मिळून सहा तास सात मिनिटं. दोन दिवसांत यापेक्षा जास्त घातलंत तर शेवटच्या खेळाला कार्यकर्तेच उरतात.

सगळे बाँड का नकोत? कॉनरीनं बाँड सात वेळा केला: १९६२ ते १९६७ मध्ये पाच, १९७१ मध्ये सहावा, आणि १९८३ मध्ये मूळ निर्मात्यांच्या बाहेर जाऊन सातवा. ओळीनं पाहिले तर तिसऱ्या-चौथ्या चित्रपटापासून गाड्या, पाणबुड्या आणि भव्य सेट पुढे येतात आणि माणूस मागे सरकतो. ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’मध्ये तर तो उघड कंटाळलेला दिसतो, आणि त्याला जपानी माणूस बनवण्याचा जो मेकअप आहे तो आज बघवत नाही. आठवण नटाची काढायची असेल तर यंत्रं अजून त्याच्या डोक्यावर बसलेली नाहीत असा बाँड हवा. म्हणजे पहिला किंवा दुसरा.

या दोघांतला दुसरा घ्यावा, कारण त्यातला रेल्वेचा भाग. इस्तंबूलहून सुटलेल्या ओरिएंट एक्स्प्रेसमध्ये रॉबर्ट शॉचा मारेकरी सभ्य इंग्रज बनून बाँडसमोर जेवायला बसतो आणि माशासोबत लाल वाइन मागवतो. बाँडला ते खटकतं, पण तो सोडून देतो. पुढे डब्यात तो गुडघ्यांवर बसलेला आहे, हात खिशात, समोर पिस्तूल. इथे कॉनरी जवळजवळ काहीच करत नाही. डोळे, श्वास, सिगारेट मागताना किंचित खाली आलेला आवाज, बस्स. पैशाचं आमिष दाखवताना तो समोरच्याकडे असा बघतो की मारेकऱ्याच्या मनातला लोभ आपल्याला कॉनरीच्या चेहऱ्यावर वाचता येतो. त्यानंतरची मारामारी एवढ्याशा डब्यात आहे, दिवा फुटल्यावर निळसर उजेडात होते, आणि तिला पार्श्वसंगीत नाही. धापा, कापड फाटल्याचा आवाज, लाकडावर आपटलेलं अंग. संकलक पीटर हंटनं ती इतकी तुकड्यातुकड्यांनी जोडली आहे की पुढच्या कित्येक वर्षांच्या मारामाऱ्यांचा तो कित्ता झाला.

या प्रसंगाची किल्ली मात्र चित्रपटाच्या सुरुवातीच्या भागात आहे. बाँडला एक काळी ब्रीफकेस दिली जाते. घडीची रायफल, लपवलेला फेकायचा सुरा, पन्नास सोन्याची नाणी, आणि टाल्कम पावडरच्या डब्यासारखा दिसणारा अश्रुधुराचा नळा. केसचे खटके आधी आडवे फिरवून मगच उघडायचे, नाहीतर धूर तोंडावर. बाँडला अशी उपकरणं पुरवणाऱ्या ‘क्यू’ची भूमिका करणारा डेस्मंड लेवेलिन या मालिकेत पहिल्यांदा दिसतो तो याच प्रसंगात. ज्याचा हा भाग हुकला त्याला रेल्वेतला डाव कळत नाही. म्हणून शनिवारी दार वेळेवर बंद करा, आणि ‘आपल्याकडे लोक अर्धा तास उशिरा येतात’ या हिशेबानं आधी भाषण ठेवा. मुख्य भाषण नव्हे, पंधरा मिनिटांची ओळख.

मध्यंतराचं आधीच ठरवा. हे चित्रपट मध्यंतर धरून बनलेले नाहीत आणि प्रोजेक्टरवाल्यावर सोडलंत तर तो घड्याळ बघून कुठेही थांबवेल. शनिवारी मंडळी इस्तंबूलहून गाडीत चढतात तिथे थांबा. रविवारी दुपारी बर्फात अडकलेले दोघे हसायला लागतात, त्या हसण्यानं हिमकडा कोसळतो आणि वाट तयार होते, तिथे. ‘द हिल’ला मध्यंतर अजिबात देऊ नका. त्या चित्रपटात प्रेक्षकालाही सावली मिळता कामा नये. चहा आधी पाजा.

आता ‘द हिल’च का, यावर जरा थांबतो, कारण या निवडीवर तुमच्या कार्यकारिणीत वाद होणार. कॉनरीचा बाँड म्हणजे मुळात चाल. निर्माते ब्रोकोली आणि सॉल्टझमन यांनी मुलाखतीनंतर त्याला खिडकीतून रस्ता ओलांडताना पाहिलं आणि मन पक्कं केलं, असं सांगितलं जातं. ही चाल देवदत्त नव्हती. लंडनमध्ये याट माल्मग्रेन या स्वीडिश नर्तक-शिक्षकाकडे तो शरीराच्या हालचालींचं शिक्षण घेत होता. वजन कुठे टाकायचं, हालचाल कुठून सुरू होते, थांबायचं कसं. त्याआधी व्यायामशाळा, शरीरसौष्ठवाच्या स्पर्धा, एडिनबराच्या कलाशाळेत चित्रकारांसमोर तासन् तास स्थिर उभं राहण्याचं काम. स्थिर उभं राहणं ही साधी गोष्ट नाही. नवख्या नटाचे हात कॅमेऱ्यासमोर काहीतरी उद्योग शोधतात. कॉनरीचे हात शोधत नाहीत.

त्यावर दिग्दर्शक टेरेन्स यंगनं कपडे चढवले. स्वतःच्या शिंप्याकडे, अँथनी सिंक्लेअरकडे, त्याला नेलं. हलक्या लोकरीचा सूट, कमरेत किंचित घेतलेला. पँटला पट्टा नाही, बाजूला बटणांच्या पट्ट्या, त्यामुळे कोट उघडला तरी पोटावर बक्कल चमकत नाही आणि अंगाची रेघ तुटत नाही. शर्ट टर्नबुल अँड ॲसरचा, मनगटावर उलटा दुमडून दोन बटणांनी बंद होणारा, कफलिंकशिवाय. ही माहिती भाषणात नुसती फॅशन म्हणून सांगू नका. मुद्दा असा की एडिनबराच्या फाउंटनब्रिज भागातला, घोडागाडीनं दूध पोचवलेला, सोळाव्या वर्षी नौदलात गेलेला आणि पोटातल्या अल्सरमुळे परत पाठवला गेलेला हा माणूस त्या सुटात अवघडत नाही. सूट त्याला घालत नाही, तो सुटाला घालतो.

आणि ‘द हिल’ नेमकी हीच चाल हिरावून घेतो. उत्तर आफ्रिकेतला ब्रिटिश लष्करी तुरुंग, दुसऱ्या महायुद्धाचा काळ. आवाराच्या मधोमध वाळू-दगडांची एक कृत्रिम टेकडी, आणि शिक्षा म्हणून पाठीवर सगळं ओझं घेऊन रणरणत्या उन्हात ती पुन्हा पुन्हा चढायची. कॉनरीचा रॉबर्ट्स हा हुद्दा गेलेला सैनिक. चित्रपट पुढे सरकतो तसा त्याचा पाय निकामी होतो आणि तो खाटेवर खिळतो. शनिवारी ज्याची चाल पाहून लोक घरी गेले, तो रविवारी सकाळी उभा राहू शकत नाही. डोक्याला बाँडचा टोप नाही, मिशी आहे, घाम आहे. बाँडच्या सगळ्या चित्रपटांत त्यानं केसांचा टोप वापरला, हे इथे सहज सांगता येतं. क्रमाचं सगळं बळ या फरकात आहे, म्हणून हे दोन चित्रपट उलटे लावू नका आणि दोघांच्या मध्ये तिसरा घुसवू नका. दोन्ही एकाच काळातले आहेत, ‘द हिल’ ‘गोल्डफिंगर’ आणि ‘थंडरबॉल’च्या मधला. म्हणजे बाँडची लाट सर्वांत उंच असताना त्यानं हे केलं.

दिग्दर्शक सिडनी लुमेट, छायाचित्रकार ऑस्वाल्ड मॉरिस, चित्रीकरण स्पेनमधल्या अल्मेरियाजवळ. पार्श्वसंगीत नाही. भिंगांची गंमत प्रेक्षकांना आधी सांगून ठेवा: पहिला तृतीयांश २४ मिलिमीटरच्या भिंगावर, दुसरा २१ वर, शेवटचा १८ वर. भिंग जितकं रुंद तितके जवळचे चेहरे फुगतात आणि मागची जागा लांब पळते. गोष्ट घट्ट होत जाते तसे चेहरे अंगावर येतात ते यामुळे. ही किल्ली हातात असली की चित्रपटभाषेचा गंध नसलेला प्रेक्षकही फरक पकडतो.

अडचण एकच, पण मोठी: संवाद. निरनिराळ्या ब्रिटिश बोली, त्यात अर्धा चित्रपट आरडाओरडा. उपशीर्षकांशिवाय हा चित्रपट लावूच नका. इंग्रजी उपशीर्षकं तरी हवीत, मराठी केलीत तर उत्तम. मराठी करताना एका वेळी दोनच ओळी, ओळीत पस्तीस-सदतीस अक्षरांपर्यंत, आणि दोन ओळींचं वाक्य निदान तीन-चार सेकंद पडद्यावर राहील असं बघा. ओरडण्यातला प्रत्येक शब्द भाषांतरित करायचा नसतो. हुकूम कळला आणि शिवी कळली की पुरे. फाइल यूटीएफ-८ मध्येच, म्हणजे देवनागरी अक्षरं नीट साठवणाऱ्या संकेतपद्धतीत, जतन करा. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला किंवा जुन्या प्लेअरला लावलात तर देवनागरीच्या जागी चौकोन दिसतात किंवा वेलांट्या अक्षरापासून सुटून पुढे जातात. जोडाक्षरं नीट जोडण्याची सोय त्या यंत्रात नसते, म्हणून हे होतं. लॅपटॉपवरून दाखवा, त्यावर देवनागरी फॉन्ट असल्याची खात्री करा, आणि ‘र्‍या’, ‘क्ष’, ‘द्ध’ असलेली एक ओळ आदल्या दिवशी पडद्यावर बघून घ्या.

उपशीर्षकांचा दुसरा सापळा वेगाचा आहे, आणि तो थेट कॉनरीच्या आवाजाशी जाऊन भिडतो. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. आपल्याकडे विकल्या गेलेल्या जुन्या डीव्हीडी बहुतेक पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या. त्यामुळे चित्रपट चार टक्के लवकर संपतो, ११५ मिनिटांचा ११० मिनिटांत. अशा डीव्हीडीवरून बनवलेली उपशीर्षकं ब्लू-रेच्या प्रतीला लावली की तासाभरात अडीच मिनिटांनी पुढे पळतात. पाच-दहा सेकंद मागे-पुढे करून ती जुळत नाहीत, कारण फरक वाढत जातो. सगळ्या वेळांना २५ भागिले २४, म्हणजे १.०४१७ नं गुणावं लागतं. उपशीर्षकांच्या संपादकात त्याची सोय असते.

यापेक्षा वाईट म्हणजे चार टक्के वेगानं आवाजही वर चढतो, जवळपास पाऊण अर्धस्वर. इतर कुणाच्या बाबतीत चालून गेलं असतं. कॉनरीचा खर्ज, ‘स’ला थोडा ‘श’कडे ओढणारा स्कॉटिश उच्चार, वाक्याच्या शेवटी आवाज खाली ठेवायची सवय, हे सगळं त्यात पातळ होतं. या माणसाच्या आठवणीचा कार्यक्रम पाल डीव्हीडीवरून करू नये असं माझं ठाम मत आहे. २४ चौकटींची प्रत मिळवा. ‘२५ वर चालवा’ असं सेटिंग लॅपटॉपवर किंवा प्रोजेक्टरवर कुठे दडलेलं नाही ना तेही बघा.

जुने बाँड आणि ‘द हिल’ मुळात मोनो, म्हणजे एकाच वाटेच्या ध्वनीचे आहेत. डिस्कवर नव्यानं केलेला ५.१, म्हणजे सहा स्पीकरांत वाटलेला ध्वनी असतो आणि यंत्र आपोआप तोच निवडतं. हॉलमध्ये दोनच स्पीकर असतील तर त्यात संवाद दबतो, कारण संवाद मधल्या स्पीकरसाठी राखलेला असतो आणि तो स्पीकर तुमच्याकडे नाही. मेनूतून मूळ मोनो निवडा. एकच चांगला स्पीकर पडद्याच्या मध्याखाली, बसलेल्या माणसाच्या कानापेक्षा थोडा वर, मागच्या रांगेकडे तोंड करून ठेवा. लग्नाच्या मांडवातले डीजेचे खांब आणू नका. त्यांचा खालचा दणका संवाद गिळतो. ऑक्टोबरच्या शेवटी परतीचा पाऊस एखादी सर टाकून जातो, आणि वर पत्रा असेल तर ‘द हिल’ ऐकूच येणार नाही. त्या शक्यतेसाठी रविवारच्या दोन खेळांची अदलाबदल न करता सकाळचा खेळ तासभर पुढे ढकलता येईल अशी वेळ ठेवा.

चित्राचं. पहिले तीन बाँडपट १.६६ प्रमाणात आहेत, म्हणजे रुंदी उंचीच्या १.६६ पट, ‘थंडरबॉल’पासून रुंद पडदा, आणि ‘मॅन हू वुड बी किंग’ही रुंदच, २.३५. १९२० बाय १०८० च्या प्रोजेक्टरवर शनिवारचा चित्रपट सुमारे १७९३ बिंदू रुंद दिसेल, दोन्ही कडांना साठ-पासष्ट बिंदूंच्या काळ्या पट्ट्या. रविवारी दुपारी उलट: उंची सुमारे ८१७ बिंदू, वर-खाली पट्ट्या. कुणीतरी हौशी माणूस ‘पट्ट्या का दिसतायत’ म्हणून रिमोटवर ‘झूम’ किंवा ‘फुल’ दाबतोच. मग शनिवारी डोकी छाटली जातात आणि रविवारी दोन माणसांच्या चौकटीतला एक बाहेर जातो, आणि तो बहुधा कॉनरीचा जोडीदार झालेला मायकेल केन असतो. रिमोट खिशात ठेवा.

उजेडाचा हिशेब साधा आहे. बारा फूट रुंद पडदा म्हणजे सोळा-नऊच्या प्रमाणात सुमारे ८१ चौरस फूट. पडद्याच्या उजेडासाठी चित्रपटगृहाचं १६ फूट-लँबर्टचं माप धरलं तर साधारण १३०० ल्युमेन प्रत्यक्ष पडद्यावर पोचायला हवेत. खोक्यावरचा आकडा सर्वांत भडक मोडमधला असतो. ‘सिनेमा’ मोडमध्ये आणि वापरलेल्या दिव्यावर त्याच्या निम्मा धरावा. म्हणजे ३००० ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो, पण खिडक्यांना खरोखरचे काळे पडदे असतील तरच. रविवारी सकाळी हाच प्रश्न येणार, वर्तमानपत्रं चिकटवून भागत नाही. आणि मोड ‘सिनेमा’च ठेवा. ‘डायनॅमिक’मध्ये ‘द हिल’ची पांढरी वाळू जळून सपाट होते, चेहऱ्यावरचा घाम दिसेनासा होतो, आणि रेल्वेतली निळी मारामारी कमी उजेडात नुसता गोळा होते. दोन चित्रपट दोन टोकांचे आहेत, दोन्हींतली दोन-दोन मिनिटं आदल्या रात्री लावून बघा. पडद्याची खालची कड जमिनीपासून चार फूट हवी, नाहीतर उपशीर्षकं पुढच्या माणसाच्या टकलावर उमटतात.

वीज गेली तर? दिव्याचा प्रोजेक्टर एकदम बंद पडला की पंखाही थांबतो, दिवा आतल्या आत तापून राहतो आणि वीज आल्यावर लगेच पेटत नाही. पाच-दहा मिनिटं थांबावं लागतं, घाई केली तर दिव्याचं आयुष्य जातं. लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दोन्ही यूपीएसवर ठेवा, निदान नीट बंद करता येईल एवढा वेळ मिळावा म्हणून. लेसर प्रोजेक्टर असेल तर ही कटकट नाही.

परवानगीचं टाळू नका. ओटीटीचं सभासदत्व घरात बघण्यापुरतं असतं आणि विकत घेतलेल्या डिस्कवरही जाहीर प्रदर्शनाला मनाई लिहिलेली असते. तिकीट नाही म्हणून सगळं माफ, हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शिक्षणसंस्थेला तिच्या कामकाजाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक अशा मर्यादित प्रेक्षकांसमोर चित्रपट दाखवण्याची सूट आहे, पण ती वाचनालयाला आपोआप लागू होत नाही. तिन्ही चित्रपटांचे हक्क एका दारात मिळणार नाहीत हे धरून सहा ते आठ आठवडे आधी पत्रं पाठवा. पत्रात चित्रपटाचं नाव आणि वर्ष, तारीख, जागा, खुर्च्यांची संख्या, प्रवेश मोफत की सशुल्क, आणि कोणत्या प्रतीवरून दाखवणार हे सगळं पहिल्याच वेळी लिहा. एकेक तपशील विचारत बसले की महिना जातो. क्लब फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडियाचा सभासद असेल तर तिथून वाट विचारा.

तिसऱ्या चित्रपटाबद्दल. किपलिंगची गोष्ट, दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन. ब्रिटिश हिंदुस्थानातले दोन निवृत्त, उपद्व्यापी सैनिक काफिरीस्तानात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातल्या नुरिस्तानात, राजे व्हायला निघतात. चित्रीकरण मुख्यतः मोरोक्कोत. बिली फिश झालेला सईद जाफरी तुमच्या प्रेक्षकांना ओळखीचा, त्याचं नाव पत्रिकेत घाला. किपलिंगचा जन्म मुंबईतला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारातला, १८६५ चा. चित्रपटात किपलिंग हे पात्रही आहे, ख्रिस्तोफर प्लमरनं केलेलं. कॉनरीचा डॅनियल ड्रॅव्हट आधी कवायतीचा सैनिक म्हणून चालतो. मग लढाईत बाण छातीवरच्या काडतुसांच्या पट्ट्यात अडकतो, रक्त येत नाही, लोक त्याला देव समजतात, आणि हळूहळू त्याची पावलं संथ होतात, हनुवटी वर जाते. कपड्यांमुळे नव्हे, तो खरंच ते मानायला लागला आहे हे चालण्यातून कळतं. बाँडमध्ये कमावलेलं शरीर इथे विनोदासाठी आणि शेवटी दुःखासाठी वापरलं आहे. हा चित्रपट साम्राज्याची टर उडवतो, पण डोंगरातल्या लोकांना बहुतेक वेळा जमाव म्हणूनच दाखवतो. हे आधीच एका वाक्यात बोलून टाका. नाहीतर नंतरची चर्चा तेवढ्यावरच अडते.

‘द अनटचेबल्स’ का नाही, असं कुणीतरी विचारेल. ऑस्कर त्यालाच मिळालं, १९८८ मध्ये, साहाय्यक भूमिकेसाठी. चित्रपट देखणा आहे, पण त्यात कॉनरी मधेच मरतो आणि स्मृतिकार्यक्रमाला तो अर्धाच पुरतो. तुकडा म्हणून घ्या. ‘द ऑफेन्स’ (१९७३) हे माझ्या मते त्याचं सर्वांत धाडसी काम: सहाव्या बाँडसाठी परत येताना त्यानं साडेबारा लाख डॉलर घेऊन ते स्कॉटिश तरुणांसाठीच्या शिक्षणनिधीला दिले, आणि स्टुडिओकडून स्वतःच्या आवडीच्या चित्रपटांना पैसे देण्याचं कबूल करून घेतलं, त्यातून हा निघाला. पण विषय लहान मुलींवरच्या अत्याचाराचा आहे. घरच्यांना घेऊन येणाऱ्या प्रेक्षकांसमोर तो लावू नका.

भाषण रविवारी जेवणानंतर, चाळीस मिनिटं, चार तुकडे, एकेक दोन-तीन मिनिटांचा. पहिला ‘डॉक्टर नो’मधला जुगाराच्या टेबलाचा: हात दिसतात, पाठ दिसते, पत्ते दिसतात, चेहरा लांबवला जातो, आणि सिगारेट पेटवताना नाव. दुसरा त्याच चित्रपटातला प्रोफेसर डेंटचा: बाँड अंधारात बसून एकट्याचा पत्त्यांचा डाव मांडतोय, डेंट रिकाम्या पलंगावर गोळ्या झाडतो, आणि मग बाँड जवळजवळ आळसावून त्याला मारतो. संवादात स्मिथ अँड वेसनच्या सहा गोळ्यांचा हिशेब आहे, हातात मात्र कोल्टच्या घडणीचं पिस्तूल. प्रश्नोत्तरांत एखादा जाणकार हे काढतोच, तयार राहा. तिसरा ‘गोल्डफिंगर’मधला लेसरचा. चित्रीकरणाच्या वेळी टेबलाखाली बसलेला माणूस खरोखरच ज्योतीनं धातू कापत पुढे येत होता. कॉनरीची चलबिचल बघा, बाँड घाबरतो असा हा विरळा क्षण. चौथा ‘अनटचेबल्स’मधला, तुमच्या आवडीचा. वेळा आधी स्वतः टिपून तुकडे वेगळ्या फाइलींत कापून ठेवा. भाषण चालू असताना डिस्कवर प्रसंग शोधत बसलात की सभा सुटते.

संगीतावर दोन मिनिटं द्या, आपल्याकडच्या श्रोत्यांना ती आवडतात. बाँडची धून माँटी नॉर्मनची, वाद्यमेळ जॉन बॅरीचा, गिटार विक फ्लिकची. नॉर्मननं ती मुळात नायपॉलांच्या ‘अ हाउस फॉर मिस्टर बिस्वास’वर योजलेल्या संगीतनाटकासाठी केली होती, त्रिनिदादमधल्या भारतीय कुटुंबासाठी, सतारीच्या ढंगात. पेटीवर सुरुवातीचे स्वर सावकाश वाजवून दाखवणारा कुणी मिळाला तर बघा.

काय टाळायचं तेही. शरीरसौष्ठवाच्या स्पर्धेचं साल निरनिराळ्या ठिकाणी निरनिराळं छापलेलं आहे, म्हणून ‘पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला’ एवढंच म्हणा. उदयपूरमध्ये रिक्षातून पळणारा बाँड कॉनरी नव्हे, तो रॉजर मूर. सभासदांपैकी निम्मे हे गोंधळतात. आपल्या नसिरुद्दीन शाहबरोबर कॉनरी दिसतो तो ‘द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जेंटलमेन’मध्ये (२००३), आणि पडद्यावर प्रत्यक्ष दिसलेली त्याची ती शेवटची मोठी भूमिका. चित्रपट यथातथाच, नोंद पुरे.

एक गोष्ट मात्र टाळू नका. १९६५ च्या एका मुलाखतीत त्यानं बाईवर हात उचलण्यात फारसं गैर नाही अशा अर्थाचं विधान केलं, आणि १९८७ मध्ये टीव्हीवर विचारल्यावरही ते मागे घेतलं नाही. त्याची पहिली पत्नी, अभिनेत्री डायान सिलेंटो, हिनं आत्मचरित्रात मारहाणीचा आरोप केला. त्यानं तो नाकारला. ‘गोल्डफिंगर’मधला गोठ्यातला आणि ‘थंडरबॉल’मधला दवाखान्यातला प्रसंग आज पाहताना हे आठवतंच; मी हे दोन्ही चित्रपट पूर्ण लावायला सांगितले नाहीत त्याचं एक कारण हेही. भाषणाच्या मध्यावर, सरळ आवाजात, दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. शेवटी ठेवलंत तर तो निकाल वाटतो, गाळलंत तर प्रश्नोत्तरांत कुणीतरी विचारतं आणि वक्ता गडबडतो.

फलकावर टक्सिडोतला, पिस्तूल छातीशी धरलेला फोटो लावायचा मोह होईल. त्याऐवजी ‘द हिल’मधला घामाघूम चेहरा किंवा म्हातारपणचा पांढऱ्या दाढीचा फोटो लावा, वापराची परवानगी बघून. मोठ्या अक्षरात ‘शॉन कॉनरी, १९३०–२०२०’. खाली लहान अक्षरात ‘जेम्स बाँड’ हे शब्द मात्र राहू द्या, नाहीतर शनिवारी हॉल निम्मा रिकामा राहील आणि रविवारी सकाळी ‘द हिल’ बघायला कुणी उरणार नाही.